भावाच्या नावाची डबी

बेडका आणि थुंकी यांतला फरक मी डबी हातात घेतल्याबरोबर सांगते, झाकण उघडायचीही गरज पडत नाही. थुंकी पाण्यासारखी हिंदकळते, बेडका जागचा हलत नाही. वीस वर्षांहून जास्त काळ मी सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे, आणि या एका गोष्टीवरून मी जितक्या लोकांना झापलं असेल तितक्या पोरांना एखाद्या मास्तरणीनं झापलं नसेल. "छातीतून काढा, गालातून नको," हे माझं वाक्य बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जातं आणि रांगेतले लोक आपापली डबी आधीच उघडून बघायला लागतात. लोक मला घाबरायचे. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

हे सांगायचं कारण एवढंच, की ज्यांनी मला फसवलं ती माणसं बाहेरची नव्हती. एक माझी माय होती, एक माझा भाऊ. आणि फसवायला त्यांनी माझीच डबी वापरली.

भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. वडील गेले तेव्हा तो दुसरीत होता. त्याचे पाढे मी घेतले, त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, आणि लग्न ठरताना सासरच्यांना आधीच सांगून टाकलं की हा बारावीपर्यंत माझ्याकडे राहील. आता तो टेम्पो चालवतो. खेड्याखेड्यांतली हळद हिंगोलीच्या मार्केटला नेऊन टाकायची, हे त्याचं काम. पुसेगावच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथं तो आणि माय दोघंच राहतात. पस्तिशी ओलांडली तरी लग्न नाही. मी आणलेली पाच-सहा स्थळं त्यानं मुलगी न बघताच परत पाठवली. एकदा तर पाहुणे दारात आले आणि हा टेम्पो घेऊन वाशीमला निघून गेला. पाहुण्यांसमोर मी तोंडावर पडले. "कुणी ठेवलीय का बाहेर?" असंही मी त्याला विचारलं होतं, मायच्या देखत. तो हसला होता.

त्या वर्षी हळदीच्या दिवसांत त्याला खोकला लागला. हळदीच्या दिवसांत आमच्याकडे खोकत कोण नाही? वाळलेली हळद घासून चकचकीत करायचा पॉलिशचा ड्रम फिरायला लागला की अंगण पिवळं, भिंती पिवळ्या, माणसांच्या भुवयासुद्धा पिवळ्या होतात. माय त्या पॉलिशच्या कामाला जायची आणि आदल्या सालापासून खोकायची. तिला मी दवाखान्यातून खोकल्याची बाटली दोन-तीनदा नेऊन दिली होती. धुळीचा खोकला म्हणून तिच्याकडे मी पाहिलंही नाही. भावाचं मात्र वजन उतरत होतं, शर्ट खांद्यावरून घसरायला लागला होता, आणि संध्याकाळी बारीक ताप यायचा. मी त्याच्या हातात डबी ठेवली. सकाळी उठल्याबरोबर चूळ भरून खोल खोकायचं आणि डबी माझ्याकडे पाठवायची, एवढं सांगितलं.

डबी घेऊन माय आली. तो थकलाय म्हणाली. मी डबी हातात घेतली आणि ती हिंदकळली.

"माय, ही थुंकी हाय. बेडका पाह्यजे."

तीन दिवसांनी ती पुन्हा एसटीनं आली. पुन्हा तेच, वर फेस आलेलं पाणी. तेव्हा मात्र माझा पारा चढला. बाकावर पंधरा-वीस माणसं बसलेली, त्यांच्यासमोर मी माझ्या मायला म्हणाले, "लॅबवालीची माय हायेस तू, आन् तुला एवढं कळंना का? त्याला जोर लावून खोकायला सांग. उगं माझा टाइम घालवू नको." मायनं झाकण परत लावलं. डबी पदराखाली घेऊन परत गेली.

तिसऱ्या खेपेला डबीत अगदी हवा तसा बेडका होता. घट्ट, पिवळसर, भरपूर. "हां, आता कसं!" असं मी म्हणालेसुद्धा. माय दारातच उभी होती, आत आली नाही. पदर तोंडाला लावून खोकली आणि म्हणाली, "बराबर हाय का आता?" मी व्हय म्हणाले.

स्लाइड मीच केली. रंग घातला, ज्योत दिली, धुतली, परत रंग घातला, वाळवली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. निळ्या जमिनीवर लाल बारीक काड्या, एक नाही, दोन नाही, नजर फिरवू तिथं. टीबी. हजारो लोकांच्या काड्या पाहिल्या असतील मी, पण त्या दिवशी डोळा भिंगावरून उचलून मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसले. मग जिवाला बरंही वाटलं. टीबी माझ्या ओळखीचा आहे. सहा महिने गोळ्या, की सुट्टी. पोरगं वाचलं, असं मी मनात म्हणाले.

टीबी निघाला की एचआयव्हीची तपासणी करावीच लागते, तो नियमच आहे. ती माझ्या शेजारच्या खोलीत होते. तिथं एक समुपदेशक बसतात, शांत माणूस, सगळे त्यांना सर म्हणतात. मी भावाला फोन केला, म्हटलं एकदा येऊन बोट टोचून घे. तो म्हणाला, "अक्का, जयंतीच्या शिबिरात दरसाल रक्त देतो ना मी. ते लोक तपासतेतच की. काही असतं तर कळवलं न्हाई का त्यांनी?"

त्यात खोटं वाटावं असं काही नव्हतं. दर वर्षी जयंतीला आमच्या गावात रक्तदान शिबिर होतं आणि दर वर्षी मी त्याला तिथं पाहिलं होतं. पांढरा सदरा, छातीवर कार्यकर्त्याचा बिल्ला, रक्त देऊन उठलेल्यांना बिस्किटं आणि सरबत देत फिरणारा. मी ते सरांना जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "ताई, तरी पण एकदा घेऊ या. दोन मिनिटांचं काम आहे."

"माझ्या भावावर संशय घेता का?" मी म्हणाले. "मी वाढवलंय त्याला. निगेटिव्ह लिहा, जबाबदारी माझी."

सरांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि लिहिलं. दुसऱ्या कुणाच्या ताईनं असं सांगितलं असतं तर मीच तिला हाकलून दिलं असतं.

गोळ्या सुरू झाल्या. आठ दिवसांनी भूक लागायला हवी होती, लागली नाही. पंधरा दिवसांनी ताप उतरायला हवा होता, उतरला नाही. तिसरा आठवडा संपला तेव्हा माय त्याला घेऊन आली. एसटी स्टँड ते आमच्या दवाखान्याचं फाटक हे अंतर किती, तर चालता चालता एक सुपारी कातरून होईल इतकं. तेवढ्यात तो तीनदा थांबला. फाटकाचे गज धरून वाकून उभा राहिला आणि तोंडानं श्वास घ्यायला लागला. मी खिडकीतून ते पाहिलं आणि हातातली स्लाइड ठेवून पळाले.

आमच्याकडे तेव्हा एक तरुण डॉक्टरीण नवीन आल्या होत्या, पुण्याकडच्या. चुकूनही आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी त्याला बसवलं, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. आकडा पंचाण्णव. मग त्या म्हणाल्या, "आता माझ्याबरोबर व्हरांड्यातून चालायचं." दुसऱ्या फेरीला आकडा चौऱ्याऐंशीवर आला आणि त्याचे ओठ काळपट दिसायला लागले. त्यांनी एक्स-रे खिडकीला धरला. टीबीचा डाग किंवा खड्डा कुठंतरी दिसायला हवा होता. दिसत होतं ते भलतंच, दोन्ही बाजूंना सारखंच धूसर, थंडीत काचेवर वाफ धरते तसं. मग त्याचं तोंड उघडायला लावलं. टाळ्यावर पांढरा थर.

"कफ पडतो?" त्यांनी विचारलं.

त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं. "पडतो."

"मग आत्ता काढून दाखवा. ताई, एक डबी द्या."

मी डबी धरून उभी राहिले. तो खोकला. कोरडा खोकला, आतून काहीच सुटत नव्हतं. डोळ्यांतून पाणी आलं, मानेच्या शिरा फुगल्या, आणि डबीत पडला तो नुसता फेस. मायनं आणलेल्या पहिल्या दोन डब्यांतला तोच फेस. तेव्हा त्या डब्या खरं तेच सांगत होत्या, आणि मी त्या परत पाठवल्या होत्या.

"ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या स्लाइडवर जे दिसलं ते या छातीतलं वाटत नाही."

"माझी स्लाइड चुकत नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"स्लाइड चुकली असं मी म्हणत नाहीये."

त्यांनी मला बाजूला घेऊन समजावलं. एचआयव्ही असेल आणि औषधच चालू नसेल तर अंगातली राखण इतकी ढिली पडते की एरवी कुणाला काही न करणारी एक बुरशी फुप्फुसात घर करते. टाळ्यावरचा पांढरा थरही त्या ढिल्या राखणीचीच खूण. खोकला कोरडा, बसल्या जागी माणूस बरा, चालला की दम, आणि टीबीच्या गोळ्यांचा तिच्यावर काही उपयोग नाही. उशीर झाला तर माणूस हातचा जातो. "पण इथं निगेटिव्ह लिहिलंय," त्या म्हणाल्या. "रिपोर्ट कुणी पाहिला?"

कुणीच नाही. मी तसं सांगितलं. त्यांनी मला बोल लावला नाही. फक्त म्हणाल्या, "मला त्यांच्याशी एकट्याशी बोलायचंय. तुम्ही बाहेर थांबा."

माझ्याच दवाखान्यात, माझ्याच लॅबसमोरच्या बाकावर, मी मायच्या शेजारी बसले. ती पदरात खोकत होती. दोनदा, तीनदा. खोकला ओला होता. वीस वर्षं दुसऱ्यांचे खोकले ऐकून माझा कान तयार झालेला, आणि हा खोकला मला तेव्हा ऐकू आला.

"माय, त्या डबीत कुणाचा बेडका होता?"

"माझा," ती म्हणाली. "त्याला काही केल्या पडतच न्हाई. आन् तू वरडून राहिली होतीस सगळ्यांपुढं. म्हटलं एका घरातलं हाय, एका ताटात जेवतो, काय फरक पडते."

मला हसावं की डोकं आपटावं कळेना. पण अजून एक विचारायचं राहिलं होतं.

"आन् त्याच्या रक्तात काय हाय, ते ठाऊक हाय का तुला?"

ती फाटकाकडे बघत राहिली. "ठाऊक हाय."

"कवापासून?"

"लई साल झाले. शिबिरात रक्त दिलं होतं त्यानं, पहिल्यांदाच. मंग तिथून बोलावणं आलं. पंधरा दिसांनी सांगितलं त्यानं मला. काही दिस गोळ्या आणल्या लांबून, मंग सोडल्या."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुला सांगायचं न्हाई, अशी शपथ घातली होती त्यानं. काहून ते त्यालाच इचार."

म्हणजे शिबिरातला तो बिल्ला, ती बिस्किटं, ते सरबत. तो दर वर्षी तिथं होता, पण त्या पहिल्या सालानंतर खाटेवर कधी आडवा झालाच नव्हता, आणि मी दर वर्षी कौतुकानं बघत उभी होते. स्थळं परत पाठवली तेव्हाही दोघांना ठाऊक होतं. मी त्याला बाहेर कुणी आहे का विचारलं तेव्हा माय चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि तिनं मान वर केली नव्हती. इतकी वर्षं मी त्या घरी जात होते, जेवत होते, दोघांवर हुकूम सोडत होते, आणि ती दोघं मला पाहुणीसारखं सांभाळत होती. केसानं गळा कापणं म्हणतात ते काय असतं, हे मला त्या बाकावर कळलं. मी उठून लॅबमध्ये गेले, दार लावून घेतलं आणि रडले. दुःखानं नाही, रागानं.

तपासणी पॉझिटिव्ह आली. रुग्णवाहिकेतून त्याला हिंगोलीला नेलं. तिथं मिठाच्या पाण्याची वाफ देऊन त्याच्या छातीतून थोडासा कफ काढला आणि तपासायला पाठवला. टीबीच्या मशिनवर तो साफ निघाला. बुरशीचा रिपोर्ट मोठ्या ठिकाणाहून यायचा होता, त्याची वाट कुणी पाहिली नाही. आमच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवरून सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. औषध म्हणाल तर जुनं, साधं, आपल्याकडे जुलाबालाही देत असत त्या सल्फाच्या गोळ्या, फक्त मोठ्या मापानं, आणि जोडीला सूज उतरवणारं औषध. पहिले तीन-चार दिवस तो अजूनच बिघडला. मास्क लावून बसल्या बसल्या मान टाकायचा. मी रजा काढून त्याच्या उशाशी होते. मास्क नीट करायची, चमच्यानं पेज पाजायची, पाठीला तेल लावायची. त्याच्याशी बोलत मात्र नव्हते. एक शब्दही नाही. तो मेला असता तर मी न बोलताच त्याला जाऊ दिलं असतं, हा विचार मला आजही झोंबतो, पण तेव्हा तोंड उघडतच नव्हतं.

पाचव्या-सहाव्या दिवशी त्यानं स्वतःहून चहा मागितला. आठवड्यानं मास्क निघाला. बुरशीचा रिपोर्ट आला तेव्हा तो खिडकीपाशी उभा राहून बाहेरची वर्दळ बघत होता. डॉक्टरीणबाईंचं बरोबर होतं. मग काही दिवसांनी एचआयव्हीची औषधं सुरू झाली, आता जन्मभराची.

मधल्या एका सकाळी मी मायला लॅबमध्ये बसवलं आणि माझ्यासमोर डबी भरायला लावली. डबीवर तिचं नाव मी लिहिलं. स्लाइड केली, भिंगाखाली धरली. त्याच लाल काड्या. तीन आठवडे मायच्या रोगाच्या गोळ्या भावानं गिळल्या होत्या आणि माय तशीच खोकत, एसटीत बसून, माझ्यासाठी डब्या वाहत होती. मी रजिस्टरमध्ये भावाच्या नावापुढं खुलासा लिहिला आणि खाली सही केली. मग शेजारच्या खोलीत जाऊन सरांनाही त्यांचं पान दुरुस्त करायला लावलं. सरांनी नुसतं "बसा, ताई" म्हटलं. ज्या खुर्चीवर पेशंट बसतात तीच खुर्ची होती. मी बसले नाही.

याला आता दीड वर्ष होत आलं. मायचा कोर्स पुरा झाला, तिचा बेडका साफ आहे. भाऊ पुन्हा टेम्पो चालवतो, शर्ट अंगाला बसायला लागलाय. त्याच्या गोळ्या आमच्याच दवाखान्यात, शेजारच्या खोलीत मिळतात. तरी तो त्या आणायला एसटी बदलून दुसऱ्या जिल्ह्यात जातो. परवा घरी गेले होते तेव्हा मी शेवटी विचारलंच. "इतक्या लांब काहून जातोस? आता तर मला सगळं ठाऊक हाय."

तो हातातली भाकरी मोडत म्हणाला, "अक्का, फाट्यावरचा तो चहावाला आठवते का तुला?"

मला लगेच आठवला नाही. त्यानं आठवण करून दिली. कित्येक वर्षांपूर्वी अशीच मी जेवायला आले होते आणि रंगात येऊन सांगितलं होतं, की आज एकजण तोंडाला रुमाल बांधून शेजारच्या खोलीत आला, पण मी काय ओळखणार नाही? नाव मी घेतलं नव्हतं. फाट्यावर हिरव्या पत्र्याची टपरी, एवढंच म्हणाले होते. जेवायला शेजारच्या दोघीतिघीही होत्या. सगळे हसले होते. मीही हसले होते.

"त्याच्या आठ दिस आधी मला बोलावणं आलं होतं," भाऊ म्हणाला. "तुझ्याकडंच येणार होतो मी. तुलाच सांगणार होतो पहिल्यांदा."

त्या टपरीवर नंतर कुणी चहा प्यायला गेलं नाही. तो माणूस बायकापोरांना घेऊन कुठंतरी निघून गेला. हे मला ठाऊक होतं. माझा त्याच्याशी काही संबंध आहे असं मात्र कधी वाटलं नव्हतं. माय ताटात बघत होती. "तू चांगली हायेस, बाई," ती म्हणाली. "पण तुझ्या पोटात काही ऱ्हात न्हाई."

मी चुकले, हे मला कळतं. त्या दिवसापासून मी दवाखान्यातलं एक अक्षर बाहेर नेलेलं नाही. पण माझा राग गेला म्हणाल तर नाही गेला. मला तोंडावर सांगता आलं असतं. मी भांडले असते, रडले असते, पण त्याला मरणाच्या दारापर्यंत जाऊ दिलं नसतं. जगाला माझ्याजवळ यायची भीती वाटो. माझ्या हाताखाली वाढलेल्याला वाटावी, हे मला सोसत नाही.

काल त्याची गोळ्या आणायची तारीख होती. सकाळी मी लॅबच्या खिडकीत स्लाइड वाळवत होते आणि तो स्टँडकडून येताना दिसला, खांद्याला पिशवी, नाक्यावरून पुढची गाडी पकडायच्या घाईत. मला वाटलं, या खेपेला तरी वळेल. मी हातातली स्लाइड खाली ठेवली. दवाखान्याच्या फाटकापाशी तो थांबला नाही. त्याला दम लागला नव्हता.